हवालदाराचा मोडलेला हात

बुधवारी संध्याकाळी दूरदर्शनवर ती लष्करातली विनोदी मालिका लागली, की बदनापूरच्या गयासोद्दीन टेलरच्या घरात अर्धा मोहल्ला जमायचा. सगळे हसायचे आणि गयासोद्दीन बटणं मोजायचा. मालिका दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीवरची, एका रसद-तळावरच्या कामचुकार शिपायांची. हवालदार दारातून आत येताना खिशाचं बटण लावलेलं असे, खुर्चीत बसेपर्यंत उघडं. नाइकाच्या बाहीवर दोन फिती हव्यात, तर मधेच तीन दिसत. मालिकेवर गयासोद्दीनचा जीव होता, म्हणूनच या चुका त्याला सलत. वर्षभरात त्यानं निर्मात्यांना अकरा पत्रं टाकली.

ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात मालिकेवालेच बदनापुरात आले. स्टेशनामागचं जुनं दगडी गोदाम त्यांना तळ म्हणून पसंत पडलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांचा कपडेवाला तापानं आडवा झाला आणि दिग्दर्शकाला पत्रांवरचं गाव आठवलं. तो स्वतः दुकानात आला.

"बटणवाले तुम्हीच ना?"

"जी. तुम्ही वाचल्ती का पत्रं?"

"सगळी. उत्तर द्यायला तोंड नव्हतं."

दुसऱ्या दिवशी गयासोद्दीन वही घेऊन हजर. कोणाच्या अंगावर काय, सगळं टिपून ठेवायचं काम त्याच्याकडे. प्रसंग असा, की रजेसाठी हवालदार हात मोडल्याचं सोंग करतो. हवालदार होते कानविंदे, मुरलेले नट. सकाळी मैदानातलं चित्रीकरण झालं. जेवताना त्यांनी हाताची झोळी सोडली आणि तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याचं एक पितळी बटण तुटून कुठंतरी घरंगळलं.

गयासोद्दीननं नवं बटण लावलं. पण ते जास्तच चमकायला लागलं, म्हणून मातीत घासून बाकीच्यांच्या जोडीला आणलं. दोराही जुन्या रंगाचा शोधला. तोवर बोलावणं आलं. सकाळी त्यानं झोळी पाठीमागं उभं राहून बांधली होती, आता घाईत समोरून बांधली. बटण अगदी बराबर बसलं होतं. हात मात्र बदलला.

गोदामातलं काम तीन तास चाललं. कोणाच्याही लक्षात आलं नाही. बटणाची नोंद करायला म्हणून गयासोद्दीननं वही उघडली, तर सकाळचं त्याचंच अक्षर दिसलं : झोळी, डावा हात. समोर कानविंदे उजवा हात गळ्यात घेऊन चहा पीत होते.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. सामान बांधायला सुरुवात झाली होती. मंडळी त्याच रात्री मुंबईला निघणार होती आणि दिवस मावळायला जेमतेम अर्धा तास होता. न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? पण कुठल्यातरी गावात आपल्यासारखा एखादा बसलेला असणारच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो दिग्दर्शकासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, माझ्या हातून गलती झाली. सकाळी डावा हात मोडल्ता, दुपारून उजवा मोडला."

दिग्दर्शक मटकन पेटीवर बसला. सहायक म्हणाला, "जाऊ द्या सर, कोण बघतंय?"

"हे बघतात ना," दिग्दर्शक गयासोद्दीनकडे बोट दाखवून म्हणाला.

कानविंद्यांनी चहा संपवला. "कॅप्टनला परत गणवेश चढवा," ते शांतपणे म्हणाले. "दोन्हींच्या मधे बसेल असा एक छोटा प्रसंग घेऊ."

कॅप्टनचं काम करणारा नट घरचे कपडे घालून स्टेशनाकडे निघाला होता. गयासोद्दीननं त्याला पळत जाऊन गाठलं आणि चार मिनिटांत पुन्हा कॅप्टन केलं. कॅमेरा सुरू झाला.

"हवालदार, सकाळी तुझा डावा हात मोडला होता," कॅप्टन दरडावून म्हणाला.

कानविंद्यांनी आधी डावा हात पाहिला, मग उजवा. दोन्ही हात दुसऱ्या कोणाचे असावेत, अशा कुतूहलानं पाहिले.

"डाव्याची रजा संपली, साहेब. दुपारपासून उजवा रजेवर आहे."

हसू दाबताना सहायकाच्या डोळ्यांत पाणी आलं. गयासोद्दीन बघतच राहिला. बारा टाके घालूनही जे झाकलं नसतं, ते या माणसानं एका वाक्यात शिवलं होतं.

दोन महिन्यांनी तो भाग लागला. त्या वाक्याला घर हसून लोळलं. शेजारचे रामराव डोळे पुसत म्हणाले, "लिहिणाराचं डोकं बघा गयासभाई. सहा-सहा महिने इचार केल्याबिगर असं सुचत न्हाई."

"बिलकुल," गयासोद्दीन म्हणाला.

तेवढ्यात चुलीपासून उठून आलेली त्याची बायको मदिना त्याच्या कानाशी वाकली. "वो कॅप्टन के हात में सेल की घडी है ना जी?"

गयासोद्दीननं पडद्याकडे पाहिलं. त्रेचाळीस सालच्या कॅप्टनच्या मनगटावर, त्यानं स्वतः ओढून सरळ केलेल्या बाहीखाली, काळं चौकोनी घड्याळ आकड्यांत सेकंद मोजत होतं.

"चूप," तो हळूच म्हणाला. "लोगां हंस रहें."