डबा जड का लागला

हितेंद्रने वेळापत्रक केलं, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. केलं नसतं तर तो नेहमीसारखा गुपचूप उनाडला असता आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण कॉलेजात कुणा पाहुण्यांनी व्याख्यानात सांगितलं की अभ्यासाबरोबर निरोगी मनोरंजनही हवं. (दोन तासांच्या व्याख्यानातलं हे एकच वाक्य त्याने वहीत उतरवलं होतं.) जळगावच्या खोलीत भिंतीवर कागद लागला: रोज दहा तास अभ्यास, एक तास मनोरंजन. मनोरंजन तेवढं लाल शाईत.

गणित मागच्या खेपेला राहिलं होतं आणि पेपर आठ दिवसांवर आला होता. चोपड्याजवळच्या गावी त्याच्या आईने, बेबाबाईने, नवस बोलला होता: हितू गणितात पास होईस्तोवर भरीत तोंडात घालणार नाही. ऐन थंडीत खानदेशातल्या बाईने भरीत सोडायचं म्हणजे काही चेष्टा नाही. हितेंद्रला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच रविवारी वर्गातल्या चुडामणने आपल्या शेतावर भरीत पार्टीला बोलावलं, तेव्हा तो चांगली दोन मिनिटं नाही म्हणत होता.

"एकच तास," चुडामण म्हणाला.

जाताना त्यांनी स्टँडवरून आईचा डबा घेतला. तो रोज सकाळच्या एसटीने गावाहून यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत जायचा. शेतात कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली, सोलली, ठेचली. एवढ्यातच तीन तास गेले. मग भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या खाऊन झाल्यावर पोरांनी आईची शेवभाजीही फस्त केली. मध्येच तिचा फोन आला होता. तेव्हा हितेंद्र वाकून विस्तव फुंकत होता. मान वर करायला वेळ नाही, असं त्याने तिला सांगितलं. (ते अक्षरशः खरं होतं, याचं त्याला तेव्हा फार कौतुक वाटलं.)

जेवण पचवायला म्हणून क्रिकेट झालं. ते मनोरंजनात धरायचं की व्यायामात, हे ठरेपर्यंत सूर्य कलला आणि त्याला संध्याकाळची गाडी आठवली. चुडामणच्या आईने डबा घासून, पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून ठेवला होता. डबा जरा जड लागला. गोलंदाजी करून हात भरून आला असेल, असं त्याला वाटलं. कोमटही लागला. उन्हात राहिला असेल. गणितात नापास झालेल्या माणसाने याहून जास्त विचार करावा, अशी अपेक्षाच चूक. कंडक्टरच्या हातात पिशवी देऊन तो खोलीवर आला, वही उघडून बसला आणि रात्री गावाहून फोन आला.

आधी वडील, लीलाधर नाना, बोलले. भरीत चांगलं होतं म्हणाले, मिरची थोडी कमी पडली, पण ज्या माउलीने केलं तिला निरोप दे.

डबा जड का लागला, ते हितेंद्रला आता कळलं. कुणाचं भांडं रिकामं परत पाठवू नये, ही रीत चुडामणच्या आईने पाळली होती. डबा गच्च भरून, वर चार पुऱ्या ठेवून. आणि तो उघडला होता बेबाबाईने.

आता खरडपट्टी निघणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. ती निघाली असती तर बरं झालं असतं.

"हितू," आई हळूच म्हणाली, "मी खादं नही रे. पन झाकण उघाडं आनि नुसता वास लिधा. वास लिधा तर नवस मोडस का?"

उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली:

"मन्हामुळे तुना पेपर बिघडाले नको भाऊ. आते चांगला जाई ना?"

"जाई, आई," तो कसाबसा म्हणाला.

असली लाज त्याला नापास झाल्यावरही वाटली नव्हती. आपण कुठे होतो ते सगळं सांगून टाकावं, असं मनात आलं, पण तेवढ्यात ती म्हणाली की आता फोन ठेवते, तुझा अभ्यास मोडतोय. त्याने उठून भिंतीवरचा कागद फाडला. शपथ घेतली की पेपर होईपर्यंत मनोरंजन बंद आणि भरीत तर आयुष्यात नाही. छाती भरून आली, डोळे भरून आले, पेन हातात घेतलं आणि पहिल्याच गणितावर त्याला भलीमोठी ढेकर आली.

लसणाची, मिरचीची, वर चांगली चौथ्या वाढपाची.