शिडीला कुलूप

उत्तरेतल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतली सागवानी शिडी कुणा एकाची नव्हती, आणि तेच इंजिनिअर बाळकृष्णरावांचं दुखणं होतं. ‘केवल आग के लिए’ असं लाल अक्षरांत लिहूनही ती रोज कुणाकडे तरी पाहुणी! आज पंखा पुसायला, उद्या दसहरी आंबे उतरवायला. त्यात आज अग्निशमन अधिकारी तपासणीला येणार होते. शिडी चटकन निघाली तर राहणार, नाहीतर भंगारात जाऊन तिच्या जागी ॲल्युमिनियमची येणार. म्हणून बाळकृष्णरावांनी सकाळीच तिला साखळीने भिंतीशी जखडून कुलूप ठोकलं.

“लाकडातून करंट उतरत नाही, सुहासिनी. जुन्या लोकांना अक्कल होती,” ते बायकोला म्हणाले.

“होती हो. किल्ली कुठे ठेवलीत?”

“कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी!”

अधिकारी आले. “मान लीजिए, आग लगी है. सीढ़ी निकालिए.”

बाळकृष्णराव ऐटीत कुलपापाशी गेले, त्यांनी वर पाहिलं आणि टाचा उंचावून हात ताणला.

“अहो, किल्ली?”

“वर, त्या खिळ्याला.”

“मग काढा की!”

“शिडी लागेल.”

सुहासिनीने कपाळावर हात मारला. याच शिडीवर चढून त्यांनी किल्ली टांगली होती आणि खाली उतरून कुलूप दाबलं होतं.

वैतागलेल्या अधिकाऱ्यांनी गाडीतली ॲल्युमिनियमची शिडी मागवली. ती भिंतीला लागणार तोच ते ओरडले, “रुको! बगल में बिजली का तार है!”

“मी म्हणत नव्हतो?” बाळकृष्णरावांना राहवेना. “लकड़ी की ही चाहिए न, सर?”

“तो लाइए न!”

बाळकृष्णरावांनी कुलपाला एक हिसका दिला.

तेवढ्यात शेजारच्या चंद्रप्रभा शुक्ला लांब बांबूची लग्गी घेऊन आल्या. आपल्याकडे जिला झेला म्हणतात, तीच. टोकाची जाळी वर गेली आणि पिकल्या आंब्यासारखी किल्ली अलगद खाली आली.

“सुबह सीढ़ी माँगी, आपने दी नहीं, भाई साहब,” त्या म्हणाल्या. “तो आम इसी से तोड़ रहे थे.”

अधिकाऱ्यांनी तारेकडे पाहिलं, मग बाळकृष्णरावांकडे. “लकड़ी की सीढ़ी रहेगी. लेकिन एक लग्गी भी यहीं टाँगिए. आपका भरोसा नहीं.”

संध्याकाळी बाळकृष्णरावांनी नवी लग्गी शिडीशेजारी टांगली. सवयीने त्यांचा हात साखळी-कुलपाकडे गेला.

“खबरदार!” सुहासिनीने कुलूप हिसकावून घेतलं, लग्गीच्या जाळीत ठेवलं आणि लग्गी उंचावून ते थेट वरच्या खिळ्याला अडकवून टाकलं.