सासऱ्यांचं बुडणं

"तुझ्यासाठी आज तिसऱ्यांदा बुडतोय मी," पायात पोहायचे रबरी फिन चढवत सासरे म्हणाले. "आज वाचवलं नाहीस तर बोट विकायची आणि मी घरी बसायचं. मी घरी बसलो की काय होतं, ते तुझ्या सासूला विचार."

सुकाणूजवळ बसून रबरी हातमोज्याला ठिगळ लावणाऱ्या सासूबाईंनी मानही वर केली नाही. "जावईबापू, काहीही करा, पण पास व्हा," त्या म्हणाल्या.

जावयाने मान डोलावली. हा गृहस्थ मुळात एका विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर होता. माणसं कशाकशाने मरतात हे त्याला तोंडपाठ होतं. पाण्यात गेलेल्यांचं तिथे एक वेगळं कपाट होतं आणि ते इतकं भरलेलं असे की त्याचं दार कधी नीट लागत नसे. अशा माणसाला, शाखा बंद पडल्यावर, बायकोने कुठे आणून सोडावं? तर माहेरच्या धंद्यात. हौशी लोकांच्या पाठीवर हवेच्या टाक्या बांधायच्या आणि त्यांना समुद्राचा तळ दाखवून आणायचा, हा तो धंदा. नियमाप्रमाणे बोटीवर जीव वाचवण्याची परीक्षा पास झालेली दोन माणसं लागत. सासऱ्यांच्या जुन्या भागीदाराचे गुडघे गेले आणि तो घरी बसला. आता जावई पास होईपर्यंत बोटीवर एकही गिऱ्हाईक घेता येणार नव्हतं.

परीक्षा सासरेच घेत आणि बुडतही तेच. पहिल्या खेपेला ते असे काही जीव तोडून ओरडले की जावयाच्या हातापायांतलं त्राणच गेलं. त्याने कठड्याला मिठी मारली आणि सासऱ्यांना आपले आपणच पोहत परत यावं लागलं. दुसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटून उडी मारली आणि शेजारच्या बोटीवरून उतरून पाठीवर निवांत तरंगत असलेल्या एका बाईंना फरफटत घेऊन आला. बाई तोंडाला येईल ते बोलत होत्या. पण घाबरलेला माणूस मदतीला विरोध करतो, असं पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून त्याने त्यांना आणखी घट्ट धरलं.

सासऱ्यांना आपल्या बुडण्याचा फार अभिमान. हातपाय झाडणं, आईला हाका मारणं, वेळ मिळाला तर गटांगळ्या खाताखाता मुलीला आशीर्वाद देणं, असा सगळा थाट असे. आज तर त्यांनी कमाल केली. अंगातल्या तरंगायच्या जाकिटातली हवा सोडून दिली आणि कमरेच्या पट्ट्यात शिशाचे दोन तुकडे जास्तीचे अडकवले.

"एवढं वजन कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"बुडणं अस्सल दिसायला नको? आता ऐका. मी हाका मारायला लागेपर्यंत याने जागचं हलायचं नाही. आणि तू बोट पुढे आणायची नाहीस. आणलीस तर परीक्षा रद्द."

त्यांनी उडी मारली. बऱ्याच अंतरावर ते वर आले, ओरडण्यासाठी त्यांनी भलंमोठं तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच एक लाट आली.

जावई कठड्याशी हाकेची वाट बघत उभा राहिला. हाक येईना. सासऱ्यांची मान मागे कललेली होती, तोंड पाण्याच्या पातळीला होतं आणि दोन्ही हातांनी ते पाणी खाली दाबल्यासारखं करत होते. नवीनच काहीतरी चाललेलं दिसतंय, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं, कारण हाक जितकी उशिरा येईल तितकी उडीही उशिरा मारायची होती.

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली. "जावईबापू, हे गप्प का?"

"अजून सुरुवात केली नसेल."

"अहो, झोपेतसुद्धा गप्प नसतो हा माणूस."

आणि जावयाच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दार न लागणाऱ्या कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक दाव्यात काठावरच्या लोकांचा जबाब असे आणि तो एकसारखाच असे. काही आवाज आला नाही, आम्हाला वाटलं मजेत आहे. हे वाक्य वाचून त्याने कितीतरी कागदांवर शिक्के मारले होते.

उडी कधी मारली ते त्याला कळलंच नाही. बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं बोटीवरच राहिलं. तो सरळ सासऱ्यांच्या समोर गेला आणि पुढच्याच क्षणी सासरे त्याच्या गळ्यात पडले. अभिनय करताना ते असे कधी धरत नसत. ते त्याच्या खांद्यावर चढले, त्याच्या डोक्यावर चढले आणि जावई पाण्याखाली गेला. वर सगळं हिरवं, खाली सगळं काळं. आता आपला दावा नवीन कुणाच्या तरी टेबलावर जाणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

सगळं शरीर वर जाण्यासाठी तडफडत होतं. बुडणाऱ्याने गच्च धरलं तर त्याच्यासकट खाली जायचं, तो आपोआप सोडतो, हे शिकताना त्याला वाटलं होतं की इतकं भयंकर वाक्य कुणी लिहूच कसं शकतं. आता भीतीने अर्धमेला होऊन तो खाली गेला. मिठी सुटली. त्याने चाचपडत सासऱ्यांची कंबर शोधली, पट्ट्याचं बक्कल ओढलं, शिसं तळाला गेलं. मग पाठीमागून वर येऊन त्याने त्यांच्या जाकिटाचं हवा भरायचं बटण दाबलं आणि जाकीट फुगलं.

परीक्षा रद्द होण्याची पर्वा न करता सासूबाईंनी बोट आणलीच होती. दोघांनी मिळून सासऱ्यांना वर ओढलं आणि कुशीवर वळवलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. सासूबाई त्यांचा चेहरा टॉवेलने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा तोच कोरडा गाल पुसत होत्या.

"बाबा, काहीतरी बोला," जावई म्हणाला. तो रडत होता. ज्यांच्या हाकेला तो आजवर घाबरत आला, त्यांनी एकदा हाक मारावी एवढंच त्याला हवं होतं.

सासरे खोकले, भडभडून पाणी ओकले आणि बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"समोरून आलास," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बुडणाऱ्याकडे मागून जायचं असतं. नापास."

सासूबाईंनी टॉवेल खाली ठेवला. त्यांचा आवाज अजून कापत होता. "बरं. मग उद्या सकाळी पुन्हा घ्या परीक्षा आणि मारा उडी."

सासऱ्यांनी कठड्यापलीकडच्या पाण्याकडे पाहिलं. जावयाचं मनगट त्यांनी मघापासून धरून ठेवलं होतं, ते आणखी आवळलं.

"समोरून का होईना," ते म्हणाले, "आला ना पण."

"म्हणजे पास?"

"पासच म्हणायचं. पुन्हा पुन्हा कोण बुडणार?"