सतरावी ओळ आणि खळ्याचे मातेरे

श्री काळी आई रक्षण करो. जिने पोसले तिचे ऋण आठवून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष शुद्ध सप्तमी, इंदुवासर, ते दिवशी जे वर्तमान जाले ते ऐकिले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले असेल तर चवीपुरतेच.

कोणे एके कोरड्या प्रांती कृषिविद्यापीठ नामे संस्थान होते. गादीवर कुलगुरू महाराज, आणि त्यांचे पदरी बैलांचे पंडित, बोरांचे पंडित, मातीचे पंडित नांदत, आणि प्रांतीचे शेतकरी बियाणे, सल्ला आणि वेळप्रसंगी चहाही तेथूनच घेऊन जात. त्यांत ज्वारीचे पंडित तुळशीराम ढवळे म्हणोन होते, अंगाने काडी पण हट्टाने खांब. यांणी चौदा वर्षे एकच ध्यास धरिला, की एका पावसावर तगेल, वाऱ्यात लोळणार नाही आणि भाकरीस गोड लागेल ऐसी ज्वारी करावी. मग हजारो ताटे पारखता पारखता शेताची सतरावी ओळ तैसी निघाली, आणि पंडितांचे मुखावर हासू दिसले, जे त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. परक्या ताटाचे पराग बसून वंश बिघडू नये म्हणोन त्या ओळीचे कणसांवर कागदी पिशव्या चढविल्या आणि हरेक पिशवीवर पंडितांनी स्वहस्ते अंक घातला. भांडारी राखीव बियाणे होते, ते श्रावणात घुशींनी मुलूख लुटावा तैसे लुटिले, म्हणोन आता ओळीचा सारा वंश साठ पिशव्यांत उरला होता. वैशाखात पंडित सेवानिवृत्त होणार, म्हणजे पुन्हा आरंभ करावयास आयुष्य नाही. चौदा वर्षांत त्या ज्वारीचा एक दाणा त्यांणी जिभेवर ठेविला नव्हता. कोणी पुसले तर म्हणत, "बी आहे ते. खायचं नसतं."

पिशव्या चढविण्याचे काम कौसाबाई नामे मजूर बाईकडे. हात ऐसा हलका की कणसास कळू नये. संस्थानचा जुना रिवाज होता, की बियाणे पोत्यात गेले की खळ्यावर माती-खड्यांत जे दाणे उरतात, ज्यास मातेरे म्हणतात, ते बायांनी झाडून पदरात न्यावे. मागले साली राजधानीतून हुकूम आला, की सरकारी शेतातील दाणा बाहेर जाऊ नये, सबब मातेरे बंद. पंडितांनी हुकूम वाचिला, घडी करून कोटाचे खिशात ठेविला, आणि सतराव्या ओळीचे खळे निराळे होते तेथे जाऊन कौसाबाईस म्हणाले, "बाई, घ्या झाडून. मी तिकडं बघत नाही."

असो. सप्तमीस राजधानीतून प्रधानांची स्वारी आली, कारण सर्व विद्यापीठांचे कबड्डीचे सामने संस्थानी भरले होते, आणि पौषात जो प्रधान येईल त्यास शेतावर हुरडा खाऊ घालावा हा तेथील शिरस्ता. समस्त पंडितांस मंडपात बसून टाळ्या वाजविण्याचा हुकूम जाला, कौसाबाई रजा घेऊन आपले रानात कामास गेली, आणि हुरड्याची जबाबदारी कबड्डीचे वस्ताद खंडेराव यांजवर पडली. महाराज म्हणाले, "वस्ताद, कणसं एक नंबर पाहिजेत." मग वस्ताद सात गडी घेऊन शेतात गेले आणि सतराव्या ओळीपाशी थबकले.

"बघा रे! सायबासाठी मुद्दाम झाकून ठेवलीत. पाखराची चोचबी लागू दिली नाही."

आणि गड्यांनी साठही कणसे मोडिली, आणि आगटीत भाजिली, आणि चोळून तिळाची चटणी, दही, गूळ यांसह प्रधानांपुढे मांडिली. प्रधान शेतकऱ्याचे पोटचे, हुरड्याचे जाणते. मूठभर तोंडात टाकून डोळे मिटिले आणि म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं हुरडा खातोय. असला नाही खाल्ला."

इतक्यात पंडित मंडपातून सुटून तेथे आले. आगटीशेजारी दगडाखाली पिशव्यांची चवड दिसली, वर आपलेच अक्षर. पंडित खाली बसले आणि एकेक पिशवी उचलून वाचू लागले, सतराची एक, सतराची दोन. महाराजांनी पुसले, काय जाले. पंडित म्हणाले, "साहेब, चौदा वर्षं संपली." मग सारे कळले, आणि प्रधानांचा हात ताटात तैसाच राहिला, कारण भाजलेले बी उगवत नाही हे त्यांस सांगावे लागले नाही. वस्तादांनी टोपी काढिली. "मारा मला, सर. मला वाटलं पाहुण्यांसाठी आहे." पंडित म्हणाले, "तुमचं काय चुकलं? तुमचं मैदान माझ्या बांधाला लागून आहे. चौदा वर्षांत एकदा हाक मारून सांगितलं नाही, पिशवी कशाला घालतो ते. चूक माझी." आणि रडले. ऐसा कोरडा मनुष्य रडताना पाहून पहिलवान गड्यांनी हातातली मोकळी कणसे पाठीमागे लपविली.

वार्ता पांदीच्या वाटेने धावत कौसाबाईचे रानात पोचली, आणि खुरपे हातात तैसेच घेऊन ती आली. "सायेब, रडू नगा. माज्या रानात चला आदी."

मग पंडित, महाराज, वस्ताद, गडी आणि प्रधानांच्या नऊ मोटारी ऐसी फौज तिचे रानी गेली. चहूंकडे हरभरा, मध्ये वाफाभर ज्वारी, आणि हरेक कणसावर लग्नपत्रिकेचे पाकीट चढविलेले. कोठे गणपती, कोठे शुभविवाह, ऐसे सारे पीक वऱ्हाडास निघाल्यासारखे दिसले.

"तुमच्या सतराव्या वळीचं मातेरं," कौसाबाई म्हणाली. "खडं निवडलं, पेरलं. आन् हाताला खोड लागलीया, उघडं कणीस बघवत न्हाई. गावातल्या समद्यांची पाकिटं मागून आनली."

पंडितांनी पानाची शीर पाहिली, ताट वाकवून पाहिले, पाकीट उचलून कणसाची ठेवण पाहिली. भोवताली हरभरा, परक्या ज्वारीचा वारा नाही. "तीच आहे," म्हणाले. कौसाबाईस हात जोडिले.

प्रधान म्हणाले, "बाई, काय पाहिजे ते मागा." ती म्हणाली, "मातेरं बंद केलंय, ते चालू करा. दुसरं काय नगं." प्रधानांनी चिटणिसास पुसले, हा हुकूम कोणाचा. चिटणीस हळूच म्हणाला, "आपल्याच सहीचा, साहेब." प्रधान कानाचे पाळीपर्यंत लाल जाले. मग पंडितांनी कोटाचे खिशातून त्याच हुकुमाची घडी काढून पुढे केली, आणि प्रधानांनी मोटारीचे टपावर ठेवून त्यावर रद्द म्हणोन लिहिले. वस्तादांनी शपथ घेतली, की कापणीपर्यंत पाखरे राखणे आमचे. दुसरे दिवसापासून गडी पाळीपाळीने रानातल्या राखणीच्या माळ्यावर चढून एका दमात कबड्डी कबड्डी ओरडू लागले. ऐकोन गावचे लोक हासत, पाखरे मात्र त्या शिवेत फिरकली नाहीत, आणि सामन्यांत गड्यांचा दम कोणास मोडवेना.

मोटारी निघोन गेल्यावर कौसाबाईने बांधावर आगटी केली आणि एक कणीस मोडिले. पंडित ओरडले, "अहो बाई, बी आहे ते!"

"ऱ्हाऊ द्या. बियाला लई हायेत. ह्ये तुमचं. समद्यांनी खाल्लं, परधानानं खाल्लं. तुमी कवा खानार?"

तिने भाजिले, तळहातावर चोळिले, फुंकर घालून कोंडा उडविला, आणि पंडितांनी ओंजळ पुढे केली. पहिला घास घेऊन पुष्कळ वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "गोड आहे हो." आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.

येणेप्रमाणे जाले. ती ज्वारी आज प्रांती घरोघरी आहे आणि हे लिहिणाराही तिचीच भाकर खाऊन लिहितो, म्हणोन पंडितांस, वस्तादांस आणि कौसाबाईस दंडवत. खळे झाडून नेणारांस कोणी अडवू नये, इतुकेच मागणे.