चौकशी करून मिळेल

गेनूशेटांना लाकडाची कुठलीही वस्तू दिसली की त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट आपोआप वाकतं आणि ते तिच्यावर टकटक करतात. मग मान तिरकी करून, डोळे मिटून, नाडी धरलेल्या वैद्यासारखे थोडे थांबतात आणि निकाल देतात. निकालाआधी एक वाक्य ठरलेलं. "आवाज बघा आवाज." आवाज ऐकायचा नसतो, बघायचा असतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

ही टकटक ते वेळकाळ बघून करतात, असा कुणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा. त्यांच्या पुतणीचं लग्न ठरवायला सगळी मंडळी घोटवड्याला गेली होती. बैठकीत मुलाचा पगार, मुलाची जमीन, मुलाच्या मामाची जमीन अशी बोलणी रंगात आली असताना गेनूशेट उठले आणि दाराशी गेले. टकटक झाली. मान तिरकी झाली. "आवाज बघा आवाज," ते बैठकीकडे वळून म्हणाले, "वरनं सागवानी पापुद्रा आन् आत भुसा. पोरगी देऊ नका हितं."

मुलाच्या वडिलांच्या हातातला चहा बशीत आला. पुढे लग्न झालं, कारण मुलीला मुलगा आवडला होता आणि ती दाराशी लग्न करणार नव्हती. दार दुसऱ्याच पावसाळ्यात फुगून फाटलं. नवरा मात्र अजून उत्तम टिकून आहे, आणि हे गेनूशेटांना कुठेतरी लागलेलं आहे.

गेनूशेटांची लाकडाची वखार पौडच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आहे. वर पत्रा, खाली उभ्या-आडव्या फळ्या, तयार चौकटी, प्लायचे ताव आणि मध्ये एका ओंडक्यावर शेट. बाहेर पुतण्याने हौसेने रंगवून घेतलेली पाटी आहे : "दारे, चौकटी, प्लायवूड व सर्व प्रकारचे लाकूड मिळेल." त्याच्याखाली शेटनी स्वतःच्या हाताने, तांबड्या रंगात दोन शब्द वाढवले आहेत : "चौकशी करून." ही चौकशी गिऱ्हाइकाने करायची नसून गिऱ्हाइकाची करायची आहे, हे आत गेल्यावर कळतं.

एकदा मी तिथे नुसताच बसलो होतो. फुकटची करमणूक सोडणं माझ्या स्वभावात नाही. एक तरुण मोटारीतून उतरला. मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत नोकरीला, कासारसाईला धरणाजवळ प्लॉट घेतलेला. गॉगल डोक्यावर सरकवून म्हणाला, "काका, मेन डोअर पाहिजे. एकदम प्युअर टीक. बजेटचा काही इश्यू नाही."

"बसा," शेट म्हणाले. "घरात र्‍हाणार कोन?"

"आम्हीच. मी आणि वाइफ."

"कवा?"

"वीकेंडला येऊ ना."

"आन् सोमवारी?"

"सोमवारी ऑफिस असतं काका."

"मंगळवारी?"

तरुणाने माझ्याकडे बघितलं. मी छपराच्या पत्र्याकडे बघितलं. शेट बुधवार, गुरुवार करत शुक्रवारपर्यंत आले आणि थांबले.

"म्हंजी आठवडाभर दार बंदच. दार वाजलं तर उघडायला कोन न्हाई."

"वॉचमन आहे."

"वॉचमन आतनं दार उघडतुया का?"

"नाही, तो गेटवर असतो."

"मग तुमाला दार न्हाई लागत, झाकन लागतंय. प्लायचं फ्लश डोअर घ्या. तिकडं थप्पी हाय, पुतन्या देईल." आणि शेटनी त्या विषयावर पडदा टाकून माझ्याकडे तंबाखूची डबी सरकवली.

तुम्ही म्हणाल, असा माणूस धंदा कसा करतो. उत्तम करतो. सगळा मुळशी तालुका आठवडाभर बंद राहणाऱ्या बंगल्यांनी भरत चालला आहे आणि त्या प्रत्येकाला गेनूशेट तुच्छतेने फ्लश डोअर विकतात. ज्या मालाचं त्यांना तोंड बघवत नाही त्याच्यावर वखार चालते, आणि ज्या सागवानावर जीव आहे ते लायक घराची वाट बघत मागे भिंतीला टेकून उभं असतं.

प्लायवूड कंपनीचा अमोल नावाचा प्रतिनिधी दर महिन्याला येऊन त्यांना विक्रीचं शास्त्र शिकवतो. "शेट, कस्टमरला नाही कधीच म्हणायचं नसतं. त्याला स्वप्न विकायचं."

"स्वप्नाला बिजागरी कुटं ठोकायची, ते सांग आधी."

कंपनीने त्यांच्याकडे एक वॉटरप्रूफ दार नमुन्याला ठेवलं आहे. ना फुगत, ना आकसत, ना किडत, वर वॉरंटी. शेटनी ते भिंतीकडे तोंड करून उभं केलंय. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं.

आम्ही मुठा गावाजवळ घर बांधलं तेव्हा आमचीही चौकशी झाली. मी बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालो होतो आणि शहर सोडून कायमचं इथे राहायचं असा आमचा बेत होता. शेटचा माझ्या शब्दावर विश्वास बसला नाही. ते स्कूटरवर एक सागवानी फळी आडवी बांधून स्वतः जागा बघायला आले. भिंती उभ्या होत्या, दाराच्या जागी नुसतं भोक होतं.

"ताई, दिसभर घरात कोन असतं?" त्यांनी शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं.

"मी असते. हेही असतात, पण त्यांचा हिशेब धरू नका."

"सैपाकघर कुटं? तितं जाऊन बसा बरं जरा."

शुभा विटांच्या ढिगावर जाऊन बसली. शेटनी फळी त्या भोकात उभी धरली, तिच्या आडोशाला बाहेर उभे राहिले आणि टकटक केली. आतून काही आलं नाही.

"आवं, काईतरी म्हना की."

"काय म्हणू?"

"कोन हाय, असं इचारा."

"कोण आहे?" शुभा स्वयंपाकघरातून ओरडली.

शेट फळी धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं फळीत काही दोष दिसला. मग म्हणाले, "वखारवाले." आणि माझ्याकडे वळून, "पास हाय घर. सागवान देतो."

दार सुंदर झालं. सुंदर माणसांसारखाच त्याला एक दोष होता. पावसाळा लागला की ते अंग धरायचं आणि चौकटीत रुतून बसायचं. मुठ्याच्या पावसात आमचे टॉवेल दसऱ्याला वाळतात, तिथे दाराला काय बोलणार. उघडायला मी, लावायला शुभाचा खांदा आणि शेवटी दोघांची लाथ, अशी व्यवस्था लागली.

आणि दर पावसाळ्यात, रेनकोटमधून पाणी गाळत, गेनूशेट दार बघायला यायचे. बेल असून वाजवायचे नाहीत. "बेल दाबली की वायर वाजती, दार न्हाई वाजत." टकटक करायचे आणि उभे राहायचे. एकदा मी खिडकीतून त्यांना बघून, कोण म्हणून न विचारता दार ओढून उघडलं, तर त्यांचा चेहराच उतरला. "इचारायचं असतंय, साहेब," ते म्हणाले. "चोर असला म्हंजी?" त्या दिवशी त्यांनी चहाला साखर कमी असल्याचं सांगितलं.

चहानंतर तपासणी. दार उघड, दार लाव. कडेवरून हात फिरव. खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून तो दाराच्या कडेला घासायचा, की झालं. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा रुतलेलं.

"शेट, एकदा रंधा मारून टाका ना," शुभा म्हणायची.

"आत्ता रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडंल, ताई. साप शिरंल."

"मग उन्हाळ्यात मारा."

"उन्हाळ्यात कुटं अडकतंय?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. शुभाने दोन पावसाळे शोधलं. तिसऱ्या पावसाळ्यात दार लावताना तिचा खांदा दुखावला आणि तिने हळद-तुरटीचा लेप लावत जाहीर केलं, की आता हे दार तरी राहील किंवा ती तरी. मी विचार करायला वेळ मागितला, ते तिला आवडलं नाही. अमोलला फोन झाला. तो त्याच संध्याकाळी मापं घेऊन गेला. तेच, भिंतीकडे तोंड केलेलं दार.

माल शेटच्याच वखारीतून येणार होता, त्यामुळे त्यांना सांगणं भाग होतं. हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो. खांद्यापासून सुरुवात करायची, मग वॉरंटी, आणि ते भडकले की अमोलवर ढकलायचं.

ते भडकले नाहीत. ओंडक्यावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताईंचा खांदा लई दुखतुया का?"

"आता बरा आहे."

"हे दार फुगायचं न्हाई."

"नाही म्हणतात."

"मग पावसाळ्यात बघाया यायचं कारन न्हाई."

"तसा त्रास नाही तुम्हाला आता."

"व्हय," शेट म्हणाले. "बरं झालं. स्कूटर बी म्हातारी झालीया."

लग्नाच्या बैठकीत दार पोकळ म्हणणारा माणूस माझ्या दारासाठी एक शब्दही भांडला नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. मी शेजारच्या फळीवर टकटक केली. त्यांनी आवाज बघितला नाही. उठले आणि म्हणाले, "चला, घरी च्या घेऊ."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. घर वखारीच्या मागेच, दोन आंब्यांच्या पलीकडे. मुलगी चिंचवडला दिलेली, बायको वारलेली, एवढं मला माहीत होतं. घर साधं, पण दार मात्र असं की मुळशीतल्या कुठल्याही बंगल्याने लाजावं. दोन फळ्यांचं, गाभ्याच्या सागवानाचं, हात लागून लागून मधासारखं झालेलं. कडीला भलं मोठं कुलूप.

शेट दारापुढे उभे राहिले. मधलं बोट वाकलं. त्यांनी टकटक केली.

आणि थांबले.

कुलूप आम्हा दोघांच्या नाकासमोर लोंबत होतं. मी आंब्याच्या झाडाकडे बघत राहिलो. आंब्याला त्या दिवसांत बघण्यासारखं काहीही नसतं. मग शेटनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज बघितला का?"

"बघितला," मी म्हणालो.

चहा त्यांनीच केला. स्टोव्हकडे तोंड करून, जणू कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं ते बोलत होते. "आमची मंडळी लई वांड. वखारीतनं आलो, दार वाजवलं, की आतनं इचारायची, कोन हाय. मी म्हनायचो, वखारवाले. तर म्हनायची, शेट घरात न्हाईत, उद्या या." ते हसले. "रोज. पावनं आलेलं असलं तरी. मला भिजत उभं करायची." साखर टाकायची ते विसरले. मी तसाच प्यालो आणि चहा छान झाल्याचं सांगितलं.

घरी येऊन मी शुभाला काही रंगवून सांगितलं नाही, आणि ज्यांना माझी सवय आहे त्यांना यातच काय ते कळेल. कुलूप असलेल्या दारावर शेटनी टकटक केली आणि थोडा वेळ थांबले, एवढंच सांगितलं. ती भाजी चिरत होती. मग हात पुसून तिने अमोलला फोन लावला. "अहो, दार नको आम्हाला. नाही, नाही, तुमच्या दारात काही खोट नाही. आमचं चांगलं आहे." मग थोडं ऐकून घेऊन, "हो, अडकतं. अडकू दे."

शुभाचा खांदा सांभाळायला तोडगा निघाला. पावसाळ्यात दिवसभर आम्ही दार सताड उघडं टाकतो. रात्री लावायचं काम माझं.

परवा दुपारी पाऊस धो धो लागला होता. मी आराम करत होतो, म्हणजे शुभाच्या हिशेबात नव्हतो. ती दारात बसून शेंगा सोलत होती. रस्त्याच्या वळणावर ती म्हातारी स्कूटर दिसली. आवाज त्याआधीच पोचला होता. शुभा शेंगांचं ताट घेऊन उठली. ताट खाली ठेवलं. आणि ते फुगलेलं, जड झालेलं दार तिने दोन्ही हातांनी रेटायला सुरुवात केली. मी मदतीला उठलो तर डोळ्यांनीच मला बसवलं. दार करकरलं, अडलं, तिने चांगला खांदा लावला, आणि ते चौकटीत जाऊन बसलं. मग ती ताट उचलून आत स्वयंपाकघरात गेली.

स्कूटर थांबली. पायरीवर रेनकोट झटकल्याचा आवाज आला.

टकटक झाली.

"कोण आहे?" शुभाने आतून विचारलं.