शिडी धरणारा माणूस

आमच्या सोसायटीत कुणी शिडी उघडली की दोन मिनिटांत बबनतात्या हजर होतात. हात पाठीमागे बांधलेले, मान वर. "दोघं धरा. इकडंतिकडं बघायचं न्हाई." स्वतः मात्र शिडीला बोट लावतील तर शपथ! गणपतीत माळा लावताना माणूस कमी पडला, तर त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांना खाली बोलावलं. पण पाठीमागचे हात काही सोडले नाहीत.

तात्या मूळचे भोसरी गावातले. सगळी नोकरी तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये झाली. शेवटी शेवटी सेफ्टीचं काम बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. नव्या भरतीपुढं ते भाषण करत नसत. जुन्या हॉलिवूडचा एक मुका विनोदी सिनेमा लावत, जेमतेम पंधरा मिनिटांचा. त्यात उंच रंगारी शिडीवर असतो आणि ठेंगणा शिडी धरून. रस्त्यानं एक बाई जाते, ठेंगणा टोपी काढून तिला नमस्कार करतो आणि उंच रंगारी चुन्याच्या बादलीसकट खाली येतो. सगळे खिदळले की तात्या सिनेमा थांबवत.

"हसून घेतलं? आता मूळ कारण सांगा."

कुणी म्हणे शिडी जुनी होती, कुणी त्या बाईवर ढकले. एकानं तर सांगितलं, "सर, टोपीऐवजी हेल्मेट पायजे होतं, मग काढलंच नसतं!" तात्यांना मात्र एकच उत्तर मान्य असे. "धरनाऱ्यानं मान वळवली. बास."

रिटायर झाल्यावरही ते मोबाईलवर तोच सिनेमा बघत बसायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, "तात्या, पाठ झाला असेल की. काय बघता त्यात एवढं?"

"तो रंगारी पडतो, पन उठतो राव. चुना झटकून उठतो. दर वेळी."

मी हसलो होतो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्यांनी मला गाडी काढायला लावली. राजगुरुनगरला कुणा शंकररावांकडं जायचं होतं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.

"मी आन् शंकर एका शिफ्टला. शेडमधी तो शिडीवर, मी खाली धरलेली. कुनीतरी वरडलं, 'चहा आला!' मी वळून बघितलं. त्याचा पाय कायमचा अधू झाला. पन सायबाला म्हनला, माझाच पाय घसरला. तवापासनं मी त्याला तोंड दाखवलं न्हाई. काल त्याचाच फोन आला. म्हनला, ये."

शंकरराव काठी टेकून दारातच उभे होते. आत जाऊन बसल्यावर तात्यांनी तोच सिनेमा लावून मोबाईल पुढं केला. शंकरराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शिडीचा प्रसंग "परत लाव, परत लाव" करत तीनदा बघितला. तात्या फरशीकडं बघत बसले होते.

मग शंकरराव उठले. "बबन्या, भिंतीवरलं घड्याळ बंद पडलंय. सेल बदलायचाय. शिडी धर."

"ह्यो धरंल की," तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"त्याला न्हाई. तुला सांगतोय."

तात्या उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे हात मी शिडीवर बघितले. शंकरराव अधू पाय ओढत एकेक पायरी चढले आणि घड्याळापर्यंत पोचले. तेवढ्यात आतून शंकररावांच्या बायकोची हाक आली, "अवो, चहा झालाय!"

मी वळून बघितलं. तात्यांनी नाही.

शंकरराव सावकाश खाली उतरले, काठी घेतली आणि म्हणाले, "झालं की. सोड आता."

तात्यांना सोडता येईना. शेवटी शंकररावांनीच त्यांचं एकेक बोट शिडीवरून सोडवलं आणि त्याच हातात चहाचा कप दिला.