वर्तककाका आणि नाडीची टेस्ट

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे वर्तककाका, हातात स्क्रूड्रायव्हर.

"प्राजक्ता, तुझ्या नवऱ्याच्या लेंग्याची नाडी दे. गोल विणीची. चपटी नको."

"नाडी? कशाला?"

"टेस्टिंगला!"

आता बोला! पण वर्तककाकांना "का" विचारण्यात अर्थ नसतो. इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात ते गाड्यांची दारं डिझाइन करतात. दार लागतानाचा आवाज ऐकून बिजागरीचं दुखणं सांगतात. आमच्या फ्रिजचं दारसुद्धा त्यांनी कान लावून ऐकलंय. आणि "गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये "अगदी बरोबर", हा त्यांचा हुकमी शब्द. हो म्हणायचं असो, चहा हवा असो की विषय संपवायचा असो, गेनाऊ!

मी मुकाट्यानं नाडी ओढून दिली आणि मागोमाग खाली गेले. दिवाणखान्यात ही भली मोठी लाकडी पेटी, पुढे सरकत्या काचा. सापासाठी! पण "साप" हा शब्द मी काकांच्या तोंडून कधी ऐकला नाही. बालपण कोकणातलं. तिथे दिवेलागणीनंतर नाव घेत नाहीत, "जनावर" म्हणतात. काका जर्मनीत भर दुपारीही जनावरच म्हणतात. टीव्हीवर दिसलं तरी दोन्ही पाय खुर्चीवर घेतात.

मग हा उपद्व्याप कशासाठी? सानिकासाठी. त्यांची एकुलती एक लेक, कार्ल्सरूहेला शिकते. तिनं एक साप पाळलाय. बिनविषारी, पेन्सिलीएवढा, नाव नूडल. गेल्या दिवाळीत ती त्याला घेऊन येणार होती, तर काका फोनवर कडाडले, "ते जनावर माझ्या घरात नको!" ती आलीच नाही. काकू तर त्याआधीच गेलेल्या. पाडव्याला काका आमच्याकडे जेवले आणि चकलीला नावं ठेवत बसले. मला इतकं वाईट वाटलं की मी उलटून बोललेही नाही.

यंदा त्यांनी आपणहून फोन केला, "ये. जनावरालाही आण. मी सोय करतो." सानिकाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती म्हणाली, सोय बघेन, नूडलला मानवणारी नसेल तर त्याच संध्याकाळी परत जाईन.

झालं! काका इरेला पेटले. पेटीत एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, दोन्हीकडे लपायला उलटी मडकी. "जनावराला वाटेल तिकडे त्यानं सरकावं. गेनाऊ?" इथे रविवारी आवाजाला बंदी, ड्रिल चालवलं तर घरमालकीण वर येईल, म्हणून सगळे स्क्रू हातानं पिळत होते. मग टेस्ट. जिथून नाडी जाईल तिथून जनावर जाईल! मी आतून नाडी खुपसायची, काकांनी बाहेरून पाहायचं. एका फटीतून टोक बाहेर आलं आणि काका "आई गं!" करत सोफ्यावर. स्वतःच मागून आणलेली नाडी, बरं का!

बाकी सगळं इंजिनिअरिंग, पण ऊब देणारा दिवा कुठे, तर आग्नेयेला.

"काका, सापाला वास्तुशास्त्र?"

"घर म्हटलं की आलंच!"

सानिका यायची त्या शुक्रवारी दुपारी जिन्यातून हाक आली, "प्राजक्ता, धाव! गार बाजूला तीस डिग्री!" आम्ही नवराबायको धावलो. आग्नेय साधायच्या नादात पेटी खिडकीखाली, आणि खिडकीखाली हायत्सुंग, खोली तापवणारा हीटर. सकाळीच इमारतीचं हीटिंग चालू झालेलं. पेटीची नुसती भट्टी!

"मग हायत्सुंग बंद करा ना!" नवरा म्हणाला.

"आणि पोरगी गारठली म्हणजे?" काका खेकसले.

शेवटी टीव्ही जमिनीवर आला आणि त्याच्या जागी पेटी गेली. दिवा आता चक्क वायव्येला. काका क्षणभर घुटमळले. "अग्नीला म्हणावं, ॲडजस्ट कर." आम्ही तिघं पेटीतल्या तापमापकाच्या काट्याकडे डोळे लावून बसलो. अठ्ठावीस. सव्वीस. उतर रे बाबा! काका दाराकडे बघत, पुन्हा काट्याकडे बघत. पंचवीस झाले आणि बेल वाजली.

सानिकानं कोटही काढला नाही. छातीशी छोटा डबा धरून तिनं काचा सरकवल्या, कुलूप ओढून पाहिलं, मडकी उचलून पाहिली. मग काटा.

"पास्ट," ती म्हणाली. म्हणजे, जमलं! काकांनी आधी माझ्या नवऱ्याला मिठी मारली, मग आठवण झाल्यासारखी लेकीला.

दिवाळी झाली. निघायच्या दिवशी मी फराळाचा डबा द्यायला खाली गेले, तेव्हा सानिका नूडलला बाहेर काढत होती.

"राहू दे त्याला," काका काचेकडे न बघता म्हणाले. "सारखं हलवलं की जनावराला त्रास होतो. मी वाचलंय. तू... तू येत जा बघायला."

त्याचे गोठवलेले उंदीर कोण घालणार, तिनं जर्मनमध्ये विचारलं.

"मी. फ्रीझरमध्ये खोबऱ्याशेजारी जागा केलीय."

सानिका त्यांच्याकडे वळली. मग शब्द शोधत, चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तुला भीती वाटते ना?"

"गेनाऊ," काका म्हणाले.

तिनं नूडलला परत आत सोडून त्याचा रिकामा डबा पेटीवर ठेवून दिला. "मग शुक्रवारी येते."

ती गेल्यावर काकांनी खुर्ची ओढून पेटीसमोर ठेवली आणि बसले. दोन्ही पाय वर घेऊन.